तुळजापूरच्या डोक्यावरून जाणारी रेघ

नवरात्र जवळ आलं की तुळजापुरातल्या पुजाऱ्यांच्या घरचे फोन वाजायला लागतात. इथे भक्त आणि पुजारी यांचं नातं पिढ्यान्‌पिढ्यांचं असतं. मुंबईचं घराणं वर्षातून एकदा येणार, ठरलेल्या पुजाऱ्याकडेच उतरणार, त्यांच्याच हातून ओटी भरणार. पूर्वी फोनवर विचारणा असायची ती रात्रीच्या गाडीची. आता नवा प्रश्न येतो : "काका, सोलापूरला विमान सुरू झालंय ना? मग विमानानं आलो तर किती वाजता पोचू?"

प्रश्न विचारणाऱ्यानं मनाशी एक हिशेब केलेला असतो. मुंबई ते सोलापूर आकाशातून साडेतीनशे-पावणेचारशे किलोमीटर. जेट विमान ताशी आठशेच्या वेगानं जातं. म्हणजे अर्धा तास. पण तिकिटावर वेळ दिसते तासाभराची, आणि घराच्या दारापासून देवीच्या महाद्वारापर्यंत प्रत्यक्षात चार तासांच्या वर लागतात. हे उरलेले तास जातात कुठे? हिशेबात चूक कुणाचीच नाही. अंतर आणि वेळ यांचं नातं आपण समजतो तितकं सरळ नाही, एवढंच. ते नातं उलगडायला तुळजापूरसारखी चांगली जागा शोधून सापडणार नाही. का, ते पुढे येईल.

1. किलोमीटर कुणाचे?

"सोलापूर ते मुंबई किती?" असं विचारलं तर तीन खरी उत्तरं आहेत. रस्त्यानं सुमारे 400 किलोमीटर. रेल्वेनं 455. आकाशातून 363.

रस्ता गावं जोडत जातो. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, मग पुणे, मग खंडाळ्याचा घाट. रेल्वेला तर चढ फारसा सोसत नाही, म्हणून ती कुर्डुवाडी, दौंड असा फेरा घेऊन पुण्याला येते आणि बोरघाट उतरून कर्जत-कल्याणमार्गे मुंबई गाठते. विमानाला घाट नाही, नदी नाही, कुणाच्या शेताचा बांध नाही. बांधानं वळसा घालून जाण्याऐवजी एखादा माणूस वावरातून तिरका चालत निघावा, तसं ते निघतं.

रस्त्याचं अंतर भागिले सरळ अंतर, याला आपण वळशाचं प्रमाण म्हणू. सोलापूर ते तुळजापूर रस्ता 45 किलोमीटरचा आणि सरळ रेषा 41 किलोमीटरची, प्रमाण 1.1. बालाघाटाच्या डोंगरावर तुळजापूरचा घाट चढावा लागतो, तरी रस्ता बऱ्यापैकी सरळ आहे. कोजागरीला लाखो लोक ही वाट सोलापूरहून पायी चालतात आणि रातोरात पार करतात, त्याचं एक कारण हे सरळपण. मुंबईच्या रस्त्याचं प्रमाणही 1.1, रेल्वेचं 1.25.

हे प्रमाण जितकं मोठं, तितका विमानाचा फायदा जास्त. सोलापूरहून गोव्याला रस्त्यानं जायचं तर चारशेच्या घरात किलोमीटर, आणि शेवटी सह्याद्री उतरण्याचं वळणावळणाचं काम. आकाशातून मोपा विमानतळ फक्त 304 किलोमीटर. नूतनीकरण झालेल्या सोलापूर विमानतळाचं उद्घाटन 29 सप्टेंबर 2024 रोजी झालं आणि तिथून पहिली नियमित सेवा जून 2025 मध्ये सुरू झाली, ती गोव्याचीच. मुंबईची त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये.

2. पाटी-पेन्सिलीनं अंतर काढणं

363 आणि 304 हे आकडे मी कुठून आणले? शाळेत शिकलेल्या दोन गोष्टींमधून. त्या तुम्हालाही येतात.

पृथ्वीचा घेर सुमारे 40,000 किलोमीटर. वर्तुळाचे अंश 360. भागाकार केला की 111 येतात. म्हणजे उत्तर-दक्षिण एक अंश सरकलात की 111 किलोमीटर सरकलात. हे अक्षांशांचं झालं.

रेखांशांचं थोडं वेगळं आहे. मोसंबी सोला आणि फोडी पाहा. मधोमध रुंद, दोन्ही टोकांना निमुळत्या. रेखांशांमधल्या फटी अशाच असतात. विषुववृत्तावर एका अंशाला 111 किलोमीटर, ध्रुवावर शून्य. आपला प्रदेश विषुववृत्तापासून 18 अंश वर आहे. तिथे एक रेखांश सुमारे 106 किलोमीटरचा भरतो.

आता उदाहरण. सोलापूर विमानतळ 17.63 अंश उत्तर, 75.93 अंश पूर्व. मुंबई विमानतळ 19.09 उत्तर, 72.87 पूर्व.

उत्तर-दक्षिण फरक 1.46 अंश, गुणिले 111, म्हणजे 162 किलोमीटर.
पूर्व-पश्चिम फरक 3.06 अंश, गुणिले 106, म्हणजे सुमारे 325 किलोमीटर.

शेताच्या दोन काटकोनी बांधांची ही लांबी झाली. आपल्याला हवी आहे तिरकी वाट. पायथागोरसचा नियम लावा : 162 चा वर्ग 26,244, 325 चा वर्ग 1,05,625, बेरीज 1,31,869, वर्गमूळ 363.

पृथ्वी गोल असताना सपाट कागदाचा हा नियम कसा चालतो, अशी शंका येणं रास्त आहे. तीन-चारशे किलोमीटरला तो चालतो. चूक एखाद-दुसऱ्या किलोमीटरची. हजारो किलोमीटरला मात्र चालत नाही. घरी पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये एक दोरा ताणून धरा. दोरा अरबस्तान-आफ्रिकेकडे न जाता वर उत्तरेला, युरोपकडे झुकेल. न्यू जर्सीला मुलाकडे जाणाऱ्या आजी-आजोबांना खिडकीजवळच्या पडद्यावर विमान "उगाच वर गेलेलं" दिसतं, ते याच ताणलेल्या दोऱ्यावरून जात असतं. सपाट नकाशावर तो दोरा वाकडा दिसतो. गोलावर तोच सर्वांत जवळचा.

रेखांशांवरून आठवलं. सूर्य एक अंश चार मिनिटांत ओलांडतो. तुळजापूर 76.07 अंशांवर आहे, मुंबईच्या 3.2 अंश पूर्वेला. म्हणजे तुळजापुरात सूर्य माथ्यावर आल्यावर मुंबईच्या रेखांशावर यायला त्याला 13 मिनिटंच लागतात. आठशेच्या वेगाच्या विमानाला तेवढ्याच अंतराला 25 मिनिटं हवीत. सूर्याशी शर्यत लावायची तर आपल्या अक्षांशावर ताशी 1,590 किलोमीटर धावावं लागेल.

वैमानिक किलोमीटरमध्ये बोलत नाहीत. ते सागरी मैल वापरतात. त्याचा उगमही याच अंशात आहे. एका अक्षांशाचे साठ भाग करा, एक भाग म्हणजे एक सागरी मैल, 1.852 किलोमीटर. ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. नकाशावर अंश मोजले की अंतर आपोआप हाती येतं, म्हणून जहाजांनी हे माप धरलं आणि विमानांनी ते पुढे चालवलं.

3. दाव्याचं गणित आणि ती रेघ

आता हाच हिशेब मुंबई विमानतळ ते तुळजापूर असा करू. तुळजापूर 18.01 उत्तर, 76.07 पूर्व. 1.08 गुणिले 111 म्हणजे 120. 3.2 गुणिले 106 म्हणजे 339. उत्तर येतं 360 किलोमीटर.

सोलापूर 363, तुळजापूर 360. जवळजवळ सारखंच!

मुंबईत एक खुंटा ठोकला आहे आणि त्याला 360 किलोमीटर लांब दावं बांधलं आहे, अशी कल्पना करा. ते दावं ताणून फिरवलं की तुळजापूर आणि सोलापूर दोन्ही त्याच घेऱ्यावर येतात. मुंबईहून तुळजापूरला निघालेला भाविक सोलापूरला उतरतो, तेव्हा मुंबईपासून जितकं दूर यायचं तितकं तो आलेला असतो. पण तुळजापूर अजून विमानतळापासून 45 किलोमीटर उत्तरेला राहिलेलं असतं. त्या पंचेचाळीस किलोमीटरांनी मुंबईपासूनचं अंतर वाढत नाही, प्रवास मात्र वाढतो. अंतर फक्त किती एवढंच सांगतं. कुठल्या दिशेनं, हे विचारल्याशिवाय प्रवासाचा हिशेब पुरा होत नाही.

आणि आता ती रेघ. मुंबई आणि हैदराबाद विमानतळांमध्ये सरळ दोरा ताणला तर तो कुठून जातो, हे मी एकदा सहज मांडून पाहिलं. हैदराबादचा शमशाबाद विमानतळ 17.24 उत्तर, 78.43 पूर्व. दोरा 76.07 रेखांशावर आला तेव्हा अक्षांश निघाला 18.03-18.04 च्या आसपास. तुळजापूर 18.01 वर आहे. फरक तीन-चार किलोमीटरचा. तुळजाभवानीच्या देवळाच्या जवळजवळ माथ्यावरून ती रेघ जाते!

प्रत्यक्ष विमानं ठरवून दिलेल्या हवाईमार्गांवरून, नियंत्रकाच्या सूचनेनुसार थोडी डावी-उजवी जातात. तरीही संध्याकाळी घाटमाथ्यावर उभं राहून पश्चिमेकडे पाहिलं तर दहा किलोमीटर उंचीवरून सरकणारा चकाकता ठिपका आणि मागे उमटत जाणारी पांढरी रेघ दिसते. कवड्यांची माळ गळ्यात घालून आईचा हात धरून पायऱ्या उतरणारी पोरं मान वर करून पाहत राहतात. त्या विमानातल्या कुणाला बहुधा ठाऊकही नसतं की आपण कुठल्या गावावरून चाललो आहोत. मुंबई-हैदराबाद अंतर सुमारे 620 किलोमीटर. त्यातलं निम्म्याहून थोडं अधिक, 360 किलोमीटर, तुळजापूरपाशी संपलेलं असतं.

4. तवा तापायला लागणारा वेळ

अंतर कळलं. आता वेळ.

चुलीवर दोन भाकरी करायच्या असोत की वीस, तवा तापायला लागणारा वेळ तोच. दोन भाकरींना तो फार वाटतो, विसांना जाणवत नाही. विमानाच्या वेळेचं अगदी असंच आहे. अंतर कापण्याचा वेळ वेगळा आणि तवा तापण्याचा वेगळा.

तिकिटावरची वेळ कुठून कुठपर्यंत मोजतात ते आधी पाहू. उभ्या बैलगाडीच्या चाकामागे आपण दगड लावतो, तसे उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावतात. ते काढून विमान हललं की घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या गावी पुन्हा ठोकळे लागले की बंद. हवाई धंद्यात याला ब्लॉक टाइम म्हणतात तो त्या ठोकळ्यांवरूनच. म्हणजे जमिनीवर सरकण्याचा वेळही त्यातच आला.

मुंबईत धावपट्टीच्या तोंडाशी विमानांची रांग लागलेली असते. बऱ्याच लहान विमानतळांवर धावपट्टीला समांतर वेगळा रस्ता नसतो; विमानाला धावपट्टीवरूनच सावकाश टोकापर्यंत जाऊन, तिथे वळून, मग धावायला लागतं. उड्डाण झाल्यावरही लगेच गावाची दिशा धरता येत नाही. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. तिच्या एका टोकावर 27 लिहिलेलं असतं. होकायंत्रावरचे 270 अंश, शेवटचं शून्य गाळून. म्हणजे सरळ पश्चिम. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरं जाऊन उडतं, कारण समोरून येणारा वारा पंखांना उचलून धरतो. मुंबईत वारा बहुतेक वेळा समुद्रावरून येतो. म्हणून पूर्वेला, सोलापूरला निघालेलं विमानसुद्धा आधी अरबी समुद्रावर जातं आणि मग वळून किनारा पुन्हा ओलांडतं. तुळजापूरला जायला निघालेल्या माणसाला पहिली पाच मिनिटं खिडकीतून समुद्र दिसतो!

ही सगळी तवा तापण्याची मिनिटं. ढोबळ मानानं जेटसाठी 35 आणि पंख्याच्या एटीआर विमानासाठी 25 धरायला हरकत नाही. त्यात अंतर भागिले वेग मिळवा. जेटचा वेग ताशी 800, एटीआरचा 500.

मुंबई-हैदराबाद, जेट : 620 भागिले 800 म्हणजे 46 मिनिटं, अधिक 35, म्हणजे 81. वेळापत्रकात साधारण सव्वा ते दीड तास दिसतो.
सोलापूर-मुंबई, जेट : 363 भागिले 800 म्हणजे 27, अधिक 35, म्हणजे 62.
सोलापूर-मोपा, एटीआर : 304 भागिले 500 म्हणजे 36, अधिक 25, म्हणजे 61.

शेवटच्या ओळीपाशी जरा थांबा. मोप्याला एटीआरऐवजी जेट पाठवलं असतं तर? 23 अधिक 35, म्हणजे 58. फक्त तीन मिनिटं वाचली, आणि इंधन मात्र जास्त जळालं. पंख्याचं विमान पाहून "जुनं दिसतंय" म्हणून नाक मुरडणारे प्रवासी मी पाहिले आहेत. त्यांना हे तीन मिनिटांचं गणित सांगावंसं वाटतं. कमी अंतराला, लहान धावपट्टीला, सत्तर-बहात्तर माणसांना तेच विमान योग्य आहे.

5. उजनी आली की उतार

जेटच्या तव्याला जास्त वेळ का, याचं उत्तर उंचीत आहे. जेटला उंच, विरळ हवेत परवडतं. तिथवर चढायचं आणि पुन्हा उतरायचं.

उतरण्याचा एक सोपा ठोकताळा वैमानिकांना तोंडपाठ असतो. हजार फूट उतरायला तीन सागरी मैल. समजा विमान 24,000 फुटांवर आहे. 24 गुणिले 3, म्हणजे 72 सागरी मैल. किलोमीटरमध्ये 133.

म्हणजे मुंबईहून सोलापूरला येणाऱ्या विमानानं सोलापूरच्या 133 किलोमीटर अलीकडे उतरायला सुरुवात केली पाहिजे. नकाशावर ते ठिकाण भिगवण आणि इंदापूरच्या दरम्यान, उजनी धरणाच्या फुगवट्यावर येतं. हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात त्या पाण्यावर. चढताना शंभर-सव्वाशे किलोमीटर आधीच गेलेले असतात. मग 363 मधून सपाट, पूर्ण वेगाचा प्रवास उरतो तो शंभर-सव्वाशे किलोमीटरचा. दहा मिनिटंसुद्धा नाही. "ताशी आठशे" हा आकडा खरा आहे. फक्त या वाटेवर तो फार थोडा वेळ खरा असतो.

6. वारा

जाताना आणि येताना वेळ वेगळी का दिसते? नदीत प्रवाहाबरोबर पोहणं आणि उलटं पोहणं यातला जो फरक, तोच. एटीआर हवेच्या तुलनेत ताशी 500 नं चाललंय आणि वारा 50 चा आहे. पाठीशी असेल तर जमिनीवरचा वेग 550, तोंडावर असेल तर 450. मोप्याच्या 304 किलोमीटरांना एकीकडे 33 मिनिटं, दुसरीकडे 41.

आपल्याकडे या वाऱ्यांना ऋतू आहेत. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून वारे वाहतात, तेव्हा मुंबईकडे जाणाऱ्यांना ते तोंडावर येतात. पावसाळ्यात मात्र एक गंमत होते. खाली नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिमेकडून येत असतात, आणि त्याच वेळी फार उंचावर, चौदा-पंधरा किलोमीटरवर, पूर्वेकडून पश्चिमेला एक जोरदार झोत वाहतो. या पूर्व झोताचा अभ्यास करून तो जगापुढे मांडणारे शास्त्रज्ञ भारतीय होते, पी. कोटेश्वरम, त्यांचा निबंध 1958 चा. आपल्या पावसाचं आणि या झोताचं नातं जवळचं आहे, पण ते वेगळ्या प्रकरणाचं काम.

7. धाराशिवहून सोलापूरला विमान का नाही?

धाराशिवलाही लहान विमानतळ आहे. मग धाराशिव-सोलापूर विमान का नसावं, असं एका शाळेत मला मुलांनी विचारलं होतं. प्रश्न मला आवडला, कारण आतापर्यंत शिकलेलं सगळं त्यात वापरता येतं.

दोन विमानतळांमधलं सरळ अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास. एटीआरच्या वेगानं साडेआठ मिनिटं. तवा तापायला 25. म्हणजे 34 मिनिटं, आणि त्यातली तीन चतुर्थांश तव्याची. विमानतळावर तासभर आधी पोचायचं, उतरल्यावर गावात जायचं, हे निराळंच. एसटी तेवढ्या वेळात धाराशिव सोडून तुळजापूर ओलांडून सोलापूरच्या वेशीवर आलेली असते. या दोन गावांना हवी आहे ती रेल्वे, आणि सोलापूर-तुळजापूर-धाराशिव असा सुमारे 84 किलोमीटरचा लोहमार्ग त्यासाठीच आखला आहे. देवीच्या गावाला रेल्वेनं जाता यावं ही या भागाची फार जुनी इच्छा आहे, आणि ती विमानापेक्षा मोलाची आहे असं मला मनापासून वाटतं.

लहान गावांच्या विमानासाठी केंद्रानं आखलेल्या उडान योजनेतही अंतर आणि वेळ यांचा हाच हिशेब दिसतो. 27 एप्रिल 2017 रोजी सुरू झालेल्या पहिल्या काही मार्गांत आपल्या मराठवाड्यातला नांदेड-हैदराबाद होता. तासाभराच्या, म्हणजे सुमारे 500 किलोमीटरच्या उड्डाणाला ठरावीक आसनांसाठी 2,500 रुपयांची मर्यादा तेव्हा घातली गेली. नांदेड-हैदराबाद सरळ अंतर त्या पाचशेच्या निम्म्याच्या आसपास आहे.

8. काकांचं उत्तर

फोनवरचा प्रश्न अजून बाकी आहे.

मुंबईत घरातून निघून विमानतळावर पोचायला तास धरा. सामान, तपासणी, वाट पाहणं, सव्वा तास. ठोकळे ते ठोकळे, एक तास. सोलापुरात उतरून सामान घेऊन बाहेर यायला वीस मिनिटं. लहान विमानतळाचं हे सुख मोठं आहे. मग शहरातून बाहेर पडून, घाट चढून तुळजापूर, सव्वा तास. बेरीज चार तास पन्नास मिनिटं. वंदे भारतला मुंबई ते सोलापूर एवढ्यालाच साडेसहा तास लागतात. विमानानं वेळ वाचतो, नक्की वाचतो. पण पाच तासांत विमान पूर्ण वेगानं उडतं ती मिनिटं दहाच.

पुजारी काकांना हे गणित कुणी शिकवलेलं नाही. त्यांनी गेल्या वर्षात आलेल्या माणसांच्या वेळा पाहून पाहून उत्तर बसवलेलं आहे. परवा मी त्यांच्या ओसरीवर बसलो असताना पुन्हा फोन आला. त्यांनी परडीतली हळद सारखी करता करता तो कानाशी धरला.

"या की वहिनी, विमानानं या. पण मुंबईहून कधी सुटलं ते मला सांगू नका, त्याचा मला उपयोग नाही. सोलापूरला चाकं टेकली की तेवढा एक फोन करा. तिथून दीड तासानं मी महाद्वारापाशी उभा असतो."

वीस मिनिटं आणि सव्वा तास. मी वहीत पाहिलं. पाचच मिनिटांचा फरक होता.